‘आल्मा’वर किती जण?

त्या दिवशी दुपारी घरून निघताना बायकोनं फडक्यात बांधलेली वाफल्स माझ्या हातात दिली. म्हणाली, “झेली येणारेय ना आज? तिला दे. आणि वाटेत स्वतःच संपवू नकोस.”

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. मृतांचा सण नुकताच झाला होता. त्या सणाला आमच्याकडे घरोघरी वाफल्स होतात आणि कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. त्या वर्षी आमच्या घरातून एक लहान कुंडी जास्त गेली होती. झेली माझी धाकटी बहीण. मार्चनंतर ती पहिल्यांदाच त्यांच्या ‘आल्मा’ बोटीनं आमच्या लिफ्टवरून खाली उतरणार होती. मी फडकं कोटाच्या आत घातलं, डब्यात कॉफी घेतली आणि कामावर गेलो.

मी बोटींच्या लिफ्टवर आहे, खालच्या फाटकावर. गाव त्रियू-सू-ब्वा, म्हणजे रानाखालचं त्रियू. आमच्या भागात निम्म्या गावांच्या नावांत रान आहे आणि रान मात्र कुठंच नाही. सगळी झाडं कोळशाच्या खाणींत टेकू म्हणून उभी राहिली ती कायमचीच. एक तेवढं उरलं, ते आमचं ब्वा-दे-कोर्द, दोरांचं रान. तिथल्या लिंडनच्या सालीपासून जुने लोक बोटी ओढायचे दोर वळत. कालवा त्या रानातून सरळ येतो आणि लिफ्टपाशी एकदम संपतो. पुढचा कालवा सोळा मीटर खाली. मधे दोन लोखंडी हौद, एक वर, एक खाली. वरच्या हौदात वीतभर पाणी जास्त घ्यायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, की वरचा आपल्या भारानं खाली येतो आणि खालच्याला वर ढकलतो. बोट त्या हौदात तरंगत असते. पाणीच पाण्याला उचलतं. वाफ नको, वीज नको.

नवख्या माणसाला एक गोष्ट काही केल्या पटत नाही. तीनशे टन कोळशाची बोट हौदात शिरली तरी हौदाचं वजन गुंजभरही वाढत नाही. बोटीचं वजन असेल तेवढं पाणी हौदातून बाहेर जातं. आमच्या लेखी बोटीला वजनच नाही. फाटक लागल्यावर आत काही आलं, तरच हौद जड होणार. पण फाटक लागल्यावर आत येणार काय?

माणसं मात्र मोजावी लागतात. ही बोटीवरच राहणारी कुटुंबं; पोरंबाळं, कुत्री, कोंबड्या, सगळा संसार डेकवर. रांगतं पोर मालाच्या कप्प्यावरल्या झाकणाच्या कडीला चामडी पट्ट्यानं बांधून ठेवतात, पडू नये म्हणून. तरीही पडायची. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. बोट हौदात आली, की फाटक लावण्याआधी तिथला माणूस ओरडून विचारतो, “किती?” बोटीवरची बाई आकडा सांगते. बाप्याला विचारत नाहीत. बाप्ये स्वतःलाच धरायचे विसरतात. फाटकवाला तो आकडा मोठ्यानं परत म्हणतो आणि तितके भोंगे देतो. दुसऱ्या टोकाचा फाटकवाला भोंगे ऐकतो, हौद पोचला की डेकवरची डोकी मोजतो. जुळली तर फाटक उघडायचं. नाही जुळली तर नाही उघडायचं, मग राजा का असेना आत.

मार्चमध्ये मी मोजलं नव्हतं.

वरून चार भोंगे झाले होते. झेली, तिचा नवरा फ्लोरिमों, पाच वर्षांची इर्मा आणि सव्वा वर्षाचा ओमेर. झेली वरूनच ओरडत आली होती, “दादा, पोट आत घे, नाहीतर फाटक अडकेल!” मी हसत होतो. घरच्याच माणसांना काय मोजायचं? उघडलं फाटक. बोट निघून गेली. मामाला हात करायचा म्हणून इर्मानं हट्ट धरला होता आणि झेलीनं तिचा पट्टा सोडला होता. ती केव्हा पडली, कुणी पाहिलं नाही. मी मोजलं असतं तर तीनच भरले असते, फाटक बंद राहिलं असतं, आणि हौदाच्या पाण्यातून पोरीला काढता आलं असतं. ती तिसऱ्या दिवशी सापडली, खालच्या वळणावर, लिंडनच्या मुळ्यांत अडकलेली.

इन्स्पेक्टरनं मला समज दिली. झेलीनं तेवढंही केलं नाही. एका शब्दानं बोल लावला नाही मला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला रात्री झोप तरी लागली असती. तेव्हापासून मी मोजतो. प्रत्येक बोट, दोनदा. बाकीचे हसतात, हसू देत.

तर त्या दुपारी साडेतीनच्या सुमाराला धुकं उतरलं. आधी रान गेलं, मग वरचा पूल, मग समोरचा लोखंडी मनोरा. कुजक्या पानांचा आणि वंगणाचा वास तेवढा राहिला. वर फाटकाच्या साखळ्या खडखडल्या. कुणीतरी काही विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं, शब्द कळले नाहीत. मग भोंगा झाला. एक. दोन. तीन.

चार.

ही वेळ ‘आल्मा’ची, आणि तिच्यावर आता तिघंच. मला वाटलं, आशिलचा हात चुकला. आशिल म्हणजे वरचा फाटकवाला, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा म्हातारा. मी फोन उचलला.

“आशिलकाका, कोणती बोट आहे?”

“‘आल्मा’.”

“मग चार का?”

“तिनं चार सांगितलं. सवयीनं गेलं तोंडातून. मी चार म्हटलं.”

“अहो, तुम्हाला माहीत नाही का?”

“माहीत आहे रे. मग काय सांगू तिला? बाई, नीट मोज, तुझी पोरगी मेलीय?” आशिलचा आवाज खाली आला. “आता भोंगा झालाय, फाटक लागलंय. खाली आली की तूच काय ते बघ.”

फोन ठेवला तोच परत वाजला. मधल्या मनोऱ्यावरचा देझिरे होता. व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा त्याच्या ताब्यात. त्याला थट्टेशिवाय बोलता येत नाही.

“ओदिलों, तुझ्या बहिणीनं कोळसा सोडून पाद्री भरलेत का रे बोटीत? काटा वर चाललाय.”

“पाणी जास्त घेतलं असशील तू.”

“पाणी मी बरोबर घेतलं. फाटक लागलं तेव्हा काटा जागेवर होता. आता चढतोय.” मग तो थट्टा विसरला. “ओदिलों… अख्खी गाय पडली हौदात तरी हा काटा एवढा हलत नाही.”

हौद धुक्यातून खाली आला. रोजच्यासारखाच, पाणी ठिबकत, कण्हत. मी कठड्यापाशी उभा राहिलो. मागे सुकाणूवर फ्लोरिमों, तोंडात पाइप. एक. पुढच्या टोकाला झेली, दोर हातात, आईची जुनी शाल खांद्यावर. दोन. मधे झाकणाच्या कडीला बांधलेला ओमेर. तीन. आणि ओमेरच्या शेजारी, कोळशाच्या ढिगाला टेकून, माझ्याकडे पाठ करून बसलेलं…

मी पुन्हा मोजलं, या वेळी पुढून मागे. चारच भरले.

पळून जावं असं वाटलं, ते खोटं कशाला सांगू? पण फाटक माझ्या हातात होतं. झेलीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं, एकदाही नाही. अगदी हळू विचारलं तिनं,

“दादा… किती?”

“चार,” मी म्हणालो.

तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. कितीतरी महिन्यांनी कुणी दार उघडावं तसा काहीसा.

“मग उघड ना,” ती म्हणाली.

आकडा जुळला होता. मी उघडलं. बोट सरकताना मी वाफल्स तिच्या हातात दिली आणि मधला भाग समोर आला तेव्हा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिलो. गाळाचा वास आला. मार्चमध्ये त्या वळणावर आला होता तोच. मागून फ्लोरिमों ओरडला, “काय मेव्हणे, तब्येत बरी नाही का? पांढरे पडलात!” त्याला काहीच दिसलं नव्हतं.

खाली मोंस शहरापर्यंत आणखी लिफ्टी आहेत. देझिरेनं तिथल्या लोकांना फोन करून विचारलं. झेलीनं प्रत्येक ठिकाणी चार सांगितलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी चार भरले होते. त्यांना आकडा जुळल्याशी काम.

नऊ दिवसांनी ‘आल्मा’ कोळसा उतरवून परत आली. खालच्या धक्क्याला तिसऱ्या नंबरवर उभी होती. फ्लोरिमों चालत माझ्या केबिनमध्ये आला. हा गडी एरवी पाऊस आला तरी विनोद करणारा. त्या दिवशी टोपी हातात धरून दारात उभा राहिला.

“ओदिलों, तुझ्या बहिणीला सांग काहीतरी. माझं ऐकत नाही.”

“काय झालं?”

“चार जणांचा स्वयंपाक करते. चार जणांचं अंथरूण घालते. तेवढं मी चालवून घेतलं असतं, आई आहे ती. पण पोरगा…” त्यानं दाराबाहेर बोटीकडे पाहिलं. “पोरगा वाळत चाललाय. दूध घेत नाही. रडत नाही. मोंसच्या डॉक्टरनं उलटापालटा करून पाहिला, म्हणतो, काही आजार नाही. मी दुसरं पोर नाही रे घालवू शकत.”

मी त्याच्याबरोबर बोटीवर गेलो. खालची खोली म्हणजे काय, चूल, टेबल आणि दोन बिछाने. चूल पेटलेली होती, लीकच्या पातीच्या सुपाचा वास होता, तरी थंडी वाजत होती. झेली गुणगुणत होती. आठ महिन्यांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. टेबलावर चार वाडगे होते. ओमेरपुढचा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. त्याच्या शेजारचा चौथा वाडगा रिकामा होता, धुतल्यासारखा.

“बस ना दादा,” ती म्हणाली. “बघ की, ही बया आधी सगळं संपवते आणि मग हा जेवतच नाही. सारखी भांडणं दोघांची!”

ओमेर माझ्याकडे बघत होता. दोन वर्षांचं पोर, पण मनगटं एवढीशी. मी त्याला उचलायला हात पुढे केले, तर तो अंग चोरून भिंतीकडे सरकला. माझ्या भीतीनं नव्हे. शेजारी कुणाला तरी जागा करून देत होता.

“झेली,” मी म्हणालो, “इर्मा गेलीय. आपण पुरलीय तिला.”

“हो,” ती म्हणाली. जराही आवाज न चढवता, चमचा पुसत. “मार्चमध्ये तू मोजलं नाहीस, म्हणून गेली. आता मोजलंस, म्हणून आली. मी तुझ्यावर कधी रागावले नव्हते, दादा. पण आता तर… आता तर तू भरून दिलंस सगळं.”

तिनं माझा हात धरला. तिचा हात ऊबदार होता, आणि मला रडू आवरेना. मला माफी मिळाली होती. मागायचीही हिंमत झाली नव्हती, ती मिळाली होती. आणि समोर ते पोर भिंतीला चिकटून बसलं होतं.

बाहेर आल्यावर फ्लोरिमोंनं माझी बाही धरली. “ती चार म्हणेल. तू तीन म्हण. तीनच भोंगे दे. कुणीतरी एकदा खरं ते मोठ्यानं म्हटलं की येईल भानावर.”

त्याला वाटत होतं, हे सगळं तिच्या डोक्यात आहे. मला तसं वाटत नव्हतं. मी मोजले होते. पण मी हिशेब केला, की जे माझ्या फाटकावर आलं ते माझ्याच फाटकावर जाईल. इर्मा गेलेलीच आहे. गेलेल्याला पुन्हा घालवण्यात कुणाचं काय जातं? असा माझा शहाणपणा.

चारच्या सुमाराला ‘आल्मा’चा नंबर लागला. पुन्हा धुकं होतं, पण विरळ. बोट हौदात शिरली. झेली पुढच्या टोकाला उभी होती. मी फाटकाच्या चाकावर हात ठेवून ओरडलो,

“किती?”

“चार!” ती खणखणीत म्हणाली.

“तीन!” मी म्हणालो, आणि तीन भोंगे दिले, आणि फाटक लावलं. घाईघाईनं लावलं.

मला वाटलं होतं ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. हौद हलला, वर निघाला. तिनं कठड्यावरून वाकून माझ्याकडे पाहिलं.

“दादा,” ती म्हणाली, “चारांतला कोण नको?”

मला म्हणायचं होतं, तुला ठाऊक आहे कोण. पण ते तोंडातून येईना. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की मी नुसता आकडा सांगितलाय. नाव सांगितलेलं नाही.

झेलीनं मागं वळून पाहिलं. पहिल्यांदाच. आधी ओमेरकडे, मग त्याच्या शेजारी. बराच वेळ पाहत होती. मग तिनं खांद्यावरची शाल काढली. धुक्यात हौदाचा तळ तेवढा दिसायला लागला, आणि मग तोही दिसेना.

मधेच हौद थांबला. वीस वर्षांत तो मधे थांबलेला मी पाहिला नव्हता. फोन वाजला.

“जड झालाय,” देझिरे म्हणाला. “वर जाईना. ओदिलों, मी पाणी सोडतोय, तरी जाईना… थांब… थांब जरा…” मग एकदम श्वास सोडल्याचा आवाज. “गेला. काटा आला जागेवर. निघाला हौद.”

“काय झालं वर?”

“मला काय दिसतंय इथून? काहीतरी पाण्यात पडल्यासारखं झालं. लहानसंच.”

मी आशिलला फोन लावला. तो उचलेपर्यंत वरच्या फाटकाच्या साखळ्या वाजायला लागल्या होत्या.

“आशिलकाका, उघडू नका! किती आहेत?”

“तीन भोंगे, तीन डोकी. जुळलं की रे. उघडलं मी.”

“कोण कोण?”

“सुकाणूवर नवरा. मधे पोरगा. पुढं दोर धरून बाई.”

“झेली? नीट पाहिलीत?”

“शाल तिचीच होती,” आशिल म्हणाला. “बसली असावी बहुतेक. बुटकी दिसत होती.”

रानातून वर जायची पायवाट आहे, शंभरावर पायऱ्या. मी त्या कशा चढलो मला आठवत नाही. ‘आल्मा’ वरच्या धक्क्याला लागली होती. फ्लोरिमों बोटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता, “झेली! झेली!” करत. पुढच्या टोकाला शाल पडली होती, पिळून काढावी इतकी ओली. दोर मात्र धक्क्याच्या खुंट्याला नीट बांधलेला होता. फ्लोरिमोंनं बांधला नव्हता, आशिलनं बांधला नव्हता. मी तर खाली होतो.

हौद रिकामा केला. दोन्हीकडचा कालवा गळ टाकून पालथा घातला, चार दिवस. झेली मिळाली नाही. तिची कबरही नाही. त्या संध्याकाळी ओमेरनं भूक लागली म्हणून भोकाड पसरलं आणि दोन वाडगे सूप प्यायला. आपलं पोर जेवतंय हे बघून फ्लोरिमोंला हसावं की रडावं ते कळेना, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्यानं बोट विकली नाही. आता आकडा सांगायला बाई नव्हती, तोच सांगायचा. पहिल्या वेळी मी विचारलं, “किती?” आणि वाटलं, हा दोन म्हणणार.

“तीन,” फ्लोरिमों म्हणाला.

मी भोंग्याकडे नेलेला हात मागे घेतला.

“खरा आकडा तू एकदा सांगून पाहिलास,” तो म्हणाला. “आता मी सांगतो तितके भोंगे दे. दोन म्हणालो आणि ओमेर राहिला तर?”

मी तीन भोंगे दिले. त्या दिवसापासून ‘आल्मा’ येते, तो तीन म्हणतो, मी तीन वाजवतो. ती वरून आली तर तीन भोंगे ऐकतो आणि फाटक उघडतो. मोजत नाही. मोजण्याची शपथ घेतलेला मी, त्या एका बोटीपुरता खाली मान घालून उभा असतो. वर आशिलही काही बोलायचा नाही. बोट पुढं जायची, एवढंच.

आशिल गेल्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या जागी झेफिरें आला, समुद्राकडून बदली होऊन. चाळिशीचा, शांत, नियमाचा पक्का. ‘आल्मा’वरचे तीन त्याला नेहमी तीनच भरायचे; तिसरं कोण, ते मी कधी विचारलं नाही. त्याला आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. कसं सांगणार?

परवा मंगळवारी ‘आल्मा’ वर निघाली होती. जून महिना, लख्ख ऊन. लिंडनला फुलं आलेली, सगळं रान मधमाश्यांनी घुमत होतं. ओमेर आता साडेतीन वर्षांचा आहे, गालांनी भरलेला. त्यानं मला हात केला. फ्लोरिमों म्हणाला, “तीन.” मी तीन वाजवले. हौद वर गेला, कुठंही न थांबता. मी कॉफीचा डबा उघडत होतो, तेव्हा फोन वाजला.

“ओदिलोंसाहेब, तुमचे भोंगे तीन ना?”

“तीन.”

“मला चार भरतायत.”

मी डबा खाली ठेवला. “कोण कोण?”

“सुकाणूवर बाप. मधे मुलगा. त्याच्या शेजारी एक मुलगी आहे, पाठमोरी. आणि पुढं एक बाई, दोर घेऊन उभी. एवढं ऊन पडलंय, पण कपडे निथळतायत तिचे. पडली होती का खाली कुठं?”

मी वर पाहिलं. खालून हौदाचा काळा तळ दिसतो, दुसरं काही दिसत नाही. तिथून पाणी ठिबकत होतं.

“साहेब?” झेफिरें अदबीनं म्हणाला. “जुळत नाही तोवर मला उघडता येत नाही. तुमचा आकडा चुकला असेल तर सांगा, मी चार धरून उघडतो. तीनच बरोबर असतील, तर तीन होईपर्यंत थांबतो.”

झेली वर होती. सोळा मीटरवर. मी चार म्हटलं तर ती राहील, आणि मग कुणाच्या वाटचं जेवेल? तीन म्हटलं तर…

“ऐकताय ना? लवकर सांगा, मागं दुसरी बोट आलीय.” मग त्याच्या आवाजात हसू आलं. “त्या बाईनं पोराला कडेवर घेतलंय.”